गणित शिकणाऱ्यांची उन्हाळी सुटी

बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या मुलामुलींसाठी देशात दर उन्हाळ्यात अभ्यासवर्ग आणि संशोधन प्रकल्प होतात. माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे अनेक होतकरू विद्यार्थी त्यांना मुकतात. अर्ज कुठे, केव्हा आणि कसा करावा?

मुलाने बारावीनंतर इंजिनिअरिंगचा नाद सोडून बी.एस्सी.ला गणित घेतले, की नातेवाइकांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'गणित घेऊन पुढे काय करणार? मास्तरकी?' हा प्रश्न ठरलेलाच. मुलगी असेल तर त्यात आणखी एका वाक्याची भर पडते, 'तिचे काय, पदवी हातात आली की लग्नच करायचे आहे.'

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या विद्यार्थ्यालाही देता येत नाही. कारण पदवीच्या वर्षांत त्याची गाठ पडलेली असते ती परीक्षेतल्या गणिताशी. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, अपेक्षित प्रश्नांची यादी आणि पाठ केलेल्या सिद्धता, एवढ्यावर पहिला वर्ग मिळून जातो. पाच गुणांचे प्रमेय जसेच्या तसे उतरवले, की पाच गुण. ते प्रमेय कुणाला का सुचले असेल, त्यातली एक अट काढून टाकली तर काय बिघडेल, असे विचारायला वर्गात वेळ नसतो आणि घरी विचारणार कुणाला?

मग परीक्षा संपते. एप्रिल-मेपासून पुढचे दीड-दोन महिने मोकळे असतात. कुणी कॉम्प्युटरच्या क्लासला जातो, कुणी लग्नसराईत गुंततो, कुणी मामाच्या गावी जाऊन येतो. त्याच दिवसांत त्याच्याच वयाची काही मुले मुंबई, चेन्नई, बंगळूर, प्रयागराज किंवा पुण्यातल्या एखाद्या संस्थेत फळ्यासमोर उभी असतात आणि 'हे असेच का?' या प्रश्नाशी झगडत असतात. ती मुले फार वेगळी असतात असे नाही. बहुतेक वेळा फरक इतकाच असतो, की त्यांना कुणीतरी डिसेंबरमध्येच सांगितलेले असते, 'अर्ज भर.'

गणितात संशोधन म्हणजे काय?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांत संशोधन म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते. गणिताचे संशोधक नेमके काय करतात, हे मात्र सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. 'सगळी सूत्रे तर शोधून झाली आहेत, आता काय उरले?' असे मोठी माणसेही सहज म्हणून जातात.

याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली एक गंमत दाखवून दिली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग तीच येत राहते. ३५२४ घेऊन पाहा. ५४३२ मधून २३४५ वजा केले, की ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. त्यापुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. या संख्येला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

इथपर्यंत झाली गंमत. संशोधन सुरू होते ते पुढच्या प्रश्नांपासून. तीन अंकी संख्यांचे काय होते? तिथेही अशीच एक संख्या भेटते, ४९५. दोन अंकी संख्यांत मात्र एका संख्येवर गाडी थांबत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. पाच अंकांतही सर्वांना सामावून घेणारी एक संख्या मिळत नाही. असे का व्हावे? दशमान पद्धतीऐवजी दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या तर काय होईल? आधी चार-दोन उदाहरणे करून पाहणे, त्यांवरून अंदाज बांधणे, तो चुकला तर का चुकला ते पाहणे आणि शेवटी कुणालाही खोडता येणार नाही असा पुरावा देणे, हा गणितातल्या संशोधनाचा क्रम. त्याला लागतात कागद, पेन्सिल, फळा आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणारा जाणकार माणूस. पहिल्या तीन गोष्टी घरी असतात. चौथीसाठी उन्हाळी कार्यक्रम असतात.

दोन वेगळ्या वाटा

हे कार्यक्रम ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. अर्ज करण्यापूर्वी त्यांतला फरक समजून घेतला पाहिजे.

पहिला प्रकार अभ्यासवर्गाचा. तीन-चार आठवडे विद्यार्थी एकत्र राहतात. सकाळी व्याख्याने, दुपारी प्रश्न सोडवण्याचे तास आणि रात्री वसतिगृहात त्यावरच वाद. यात नवीन शोध लावण्याची अपेक्षा नसते. पदवीला शिकलेले गणित मुळापासून समजून घेणे हा हेतू असतो.

दुसरा प्रकार प्रकल्पाचा. विद्यार्थी दीड-दोन महिने एकाच प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली एखादा विषय वाचतो, आठवड्यातून एक-दोनदा त्यांच्यासमोर मांडतो आणि शेवटी अहवाल लिहितो. इथेही पदवीच्या मुलाकडून नवे प्रमेय क्वचितच अपेक्षित असते. एखादे पुस्तक किंवा शोधनिबंध ओळीओळीने समजून घेऊन तो दुसऱ्याला समजावून सांगता आला, तरी उन्हाळा सार्थकी लागला असे मार्गदर्शक मानतात.

महाविद्यालयात पाया नीट झाला नसेल, तर आधी पहिल्या वाटेने जाणे शहाणपणाचे. पाया कच्चा असताना प्रकल्प घेतला, तर मुलगा दोन महिने मान हलवत बसतो आणि 'हे माझे काम नाही' असा चुकीचा समज करून घेऊन परततो.

कुठे कुठे अर्ज करता येतो?

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांत परिचित अभ्यासवर्ग म्हणजे 'मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च प्रोग्राम', म्हणजेच 'एमटीटीएस'. मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी तो १९९३ साली सुरू केला. अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे पाठबळ त्याला मिळत आले आहे. विद्यार्थी कोणत्या वर्षाला आहे त्यानुसार वेगवेगळे स्तर असतात आणि वर्ग देशातील निरनिराळ्या केंद्रांवर भरतात. शिकवण्याची तऱ्हा हे त्याचे वैशिष्ट्य. शिक्षक व्याख्या फळ्यावर लिहून पुढे जात नाहीत. ते उदाहरण मागतात, मग तिच्यात न बसणारे उदाहरण मागतात आणि मुलांना फळ्यापाशी बोलावतात. पहिल्या आठवड्यात बहुतेकांची भंबेरी उडते. वर्गात ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलाला एका साध्या व्याख्येचे उदाहरण देता येत नाही. पण चौथ्या आठवड्यापर्यंत तोच मुलगा न घाबरता 'मला हे कळले नाही' असे म्हणू लागतो. हीच या वर्गाची मोठी कमाई.

प्रकल्पाच्या वाटेवर सर्वांत मोठे दार उघडतात ते देशातल्या तीन विज्ञान अकादमी. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. सर्व विज्ञान शाखांबरोबर त्यात गणितही असते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला साधारण दोन महिने एखाद्या संशोधकाकडे काम करता येते आणि त्यासाठी विद्यावेतन मिळते. या अर्जात आपल्याला काय शिकायचे आहे याचे छोटे टिपण आणि शिक्षकांचे शिफारसपत्र यांना महत्त्व असते. शिक्षकही अर्ज करू शकतात, ही गोष्ट लहान गावांतील महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एक शिक्षक असा उन्हाळा काढून आला, की त्याच्या वर्गातल्या पुढच्या कितीतरी तुकड्यांना लाभ होतो.

मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्राम' जुना आणि नावाजलेला आहे. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या या संस्थेचा गणित विभाग जगात ओळखला जातो. इथे स्पर्धा कडक असते आणि विद्यार्थी वरच्या वर्गातला लागतो. तेव्हा त्या वर्षीच्या जाहिरातीतली पात्रता बारकाईने वाचावी. चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था व चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, प्रयागराजची हरीशचंद्र संशोधन संस्था, पुणे आणि इतर शहरांतील 'आयसर', गांधीनगरसारख्या काही आय.आय.टी., या ठिकाणीही उन्हाळ्यात विद्यार्थी घेतले जातात. कुठे रीतसर जाहिरात निघते, तर कुठे प्राध्यापकांना थेट लिहावे लागते. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आधी आपल्या राज्यातील केंद्रीय विद्यापीठ, आय.आय.टी. किंवा आयसरकडे चौकशी करावी. जवळची संस्था असली, की पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या मुलालाही धीर येतो.

आणखी दोन गोष्टी. बारावीला आपल्या परीक्षा मंडळात वरच्या १ टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेतलेल्यांना केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर' योजनेची शिष्यवृत्ती मिळू शकते. वर्षाच्या ८० हजार रुपयांपैकी २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी धरलेले असतात. पुष्कळ घरांत उरलेली रक्कम तेवढी लक्षात राहते आणि प्रकल्पाची बाजू कागदोपत्री उरकली जाते. ज्यांना ही शिष्यवृत्ती आहे, त्यांच्या हातात उन्हाळी मार्गदर्शन मागण्याचे सबळ कारण आधीच आहे. दुसरी गोष्ट, पुण्याचे स. प. महाविद्यालय आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांच्या पुढाकाराने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा घेतली जाते. तिच्यात चमकलेल्यांसाठी शिबिर असते. शिवाय अशा स्पर्धेतले यश पुढच्या प्रत्येक अर्जात बोलके ठरते.

किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना मात्र २०२२ साली इन्स्पायरमध्ये विलीन झाली. तिची स्वतंत्र परीक्षा आता होत नाही. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत तिचे नाव आढळले, तर त्यामागे धावू नये.

परदेशाचे काय?

अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधन करू देण्याची परंपरा मोठी आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ येथील केंद्रात जोसेफ गॅलियन यांनी १९७७ साली असा कार्यक्रम सुरू केला. पुढे २०१४ साली गणितातला सर्वोच्च मानला जाणारा फील्ड्स पुरस्कार मिळवणारे भारतीय वंशाचे मंजुल भार्गव हार्वर्डमध्ये पदवीचे शिक्षण घेत असताना या डुलुथच्या उन्हाळी कार्यक्रमात होते. एन, एन वजा एक असे करत गुणत जायचे ते क्रमगुणित शाळेत सर्वांनाच भेटते. त्याच्याकडे नव्या नजरेने पाहून त्यांनी केलेल्या विद्यार्थिदशेतल्या कामाची गणितज्ञांनी दखल घेतली.

ही उदाहरणे वाचून अनेकजण अमेरिकेतल्या कार्यक्रमांना अर्ज धाडू लागतात. तिथे एक गोष्ट आधी पाहावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशांवर चालणाऱ्या जागा त्या देशाच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी असतात. भारतीय विद्यार्थ्याचा अर्ज तिथे वाचला जाण्याआधीच बाजूला पडतो. त्यापेक्षा कॅनडातील 'मिटॅक्स ग्लोबलिंक' किंवा जर्मनीतील 'डाड' संस्थेची 'वाइज' योजना यांची पात्रता पाहावी. या योजना बाहेरच्या देशांतील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. त्यांची तयारी मात्र उन्हाळ्याच्या आठ-दहा महिने आधी सुरू करावी लागते.

कामाचे कॅलेंडर दिवाळीपासून

बहुतेक विद्यार्थी मार्चमध्ये विचारतात, 'उन्हाळ्यात काही करता येईल का?' तोपर्यंत गाडी स्टेशन सोडून गेलेली असते. तारखा दर वर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. तरीही क्रम साधारण असा असतो.

दिवाळीची सुटी संपताच अकादमींच्या शिष्यवृत्तीची सूचना शोधावी. तिची मुदत सहसा वर्ष संपण्याच्या सुमारास येते. जानेवारी-फेब्रुवारीत टाटा संस्था, एमटीटीएस व इतर संस्थांच्या जाहिराती पाहाव्यात. प्राध्यापकांना व्यक्तिशः लिहायचे असेल तर तेही याच काळात. मार्चमध्ये निकाल येऊ लागतात. त्यानंतर रेल्वेचे आरक्षण, महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र आणि परीक्षेच्या तारखांची जुळवाजुळव.

या शेवटच्या मुद्द्यावर अनेकांचे गाडे अडते. काही विद्यापीठांच्या परीक्षा मे अखेरपर्यंत रेंगाळतात आणि वर्ग तर मेमध्येच सुरू होतो. अर्जात परीक्षेचा संभाव्य काळ स्पष्ट लिहावा. निवड झाल्यावर अडचण आली, तर गप्प राहून गैरहजर न राहता लगेच कळवावे. आपली जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकते.

एका वहीत चार रकाने आखावेत. संस्थेचे नाव, शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रे आणि शिफारसपत्र कुणाचे. ही वही घरातल्या आईनेही अधूनमधून पाहिली तर बिघडत नाही. गणित न येणाऱ्या आईलाही तारीख वाचता येते.

अर्ज कसा लिहावा?

गुणपत्रिका जशी आहे तशी जोडायची असते. तिच्यात आता काही बदल होणार नाही. जे आपल्या हातात असते ते म्हणजे टिपण आणि शिफारसपत्र.

टिपणात विद्यार्थी हमखास लिहितात, 'मला लहानपणापासून गणिताची आवड आहे. गणित ही विज्ञानाची राणी आहे. मला देशाची सेवा करायची आहे.' निवड समितीसमोर अशी शेकडो टिपणे येतात आणि त्यांतून अर्जदाराचा चेहरा दिसत नाही. त्याऐवजी एखाद्या मुलीने असे लिहिले तर? 'दुसऱ्या वर्षाला संतत फलन शिकताना प्रत्येक संतत फलनाला कुठेतरी स्पर्शिका असणारच असे मला वाटत होते. कुठेही स्पर्शिका नसलेले संतत फलन असते हे पुस्तकात वाचले, पण त्याची रचना अर्धीच समजली. ती पूर्ण समजून घ्यायची आहे.' तीन-चार वाक्यांतच वाचणाऱ्याला कळते, की ही मुलगी स्वतः विचार करते, तिला किती येते आणि कुठे अडले आहे. आपले अज्ञान नेमकेपणाने सांगता येणे ही गणितात पात्रताच मानली जाते.

वाचलेल्या पुस्तकांची नावे लिहिताना प्रामाणिक असावे. बार्टल आणि शेरबर्ट यांच्या विश्लेषणाच्या पुस्तकाची तीनच प्रकरणे केली असतील, तर तीनच लिहावीत. हर्स्टाइन यांच्या बीजगणिताचे नाव वजनासाठी टाकले आणि मुलाखतीत गटाची व्याख्या विचारल्यावर त-त-प-प झाले, तर सगळाच डोलारा कोसळतो.

शिफारसपत्र नेहमीच विभागप्रमुखांचे हवे असे नाही. ज्यांनी विद्यार्थ्याला प्रश्न विचारताना, चुकताना आणि पुन्हा प्रयत्न करताना पाहिले आहे, त्या शिक्षकांचे पत्र जास्त उपयोगी. सरांना किंवा मॅडमना किमान तीन आठवडे आधी भेटावे. गुणपत्रिकेची प्रत, टिपणाचा मसुदा आणि शेवटची तारीख एका कागदावर द्यावी. मुदतीच्या चार दिवस आधी नम्रपणे आठवण करावी. आदल्या रात्री फोन करून पत्र मागणाऱ्या विद्यार्थ्याला मिळते ते 'विद्यार्थी सालस आणि कष्टाळू आहे' अशा छापाचे पत्र.

प्राध्यापकांना ई-मेल करताना एकच मजकूर पन्नास जणांना पाठवण्याची चाल आता फार पडली आहे. अशी पत्रे पाहताक्षणी ओळखू येतात. दोन-तीनच नावे निवडावीत. त्यांचा विषय काय, त्यांनी कोणता अभ्यासक्रम शिकवला आहे, हे आधी पाहावे. पत्र दहा-बारा ओळींचे असावे. आपण कोण, काय शिकलो, काय वाचायचे आहे, कोणत्या तारखांना मोकळे आहोत, एवढे पुरते. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, त्यापुढे नाही. अनेक प्राध्यापकांचे उन्हाळे आधीच ठरलेले असतात. उत्तर न येण्यात विद्यार्थ्याचा अपमान नसतो.

पालकांच्या मनातल्या शंका

पहिली शंका पैशांची. सरकारी पाठबळाच्या कार्यक्रमांत निवास व भोजनाची सोय किंवा विद्यावेतन यांची तरतूद सहसा असते. काही ठिकाणी प्रवासखर्चही मिळतो. काय मिळेल आणि काय स्वतः करावे लागेल, हे निवडपत्रात पाहून घ्यावे. विद्यावेतन बहुधा काम झाल्यावर हाती पडते, म्हणून सुरुवातीच्या खर्चाची सोय घरून करावी लागते.

याचाच दुसरा भाग सावधगिरीचा. हल्ली 'घरबसल्या संशोधन इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह' अशा जाहिराती मोबाईलवर येतात आणि हजारो रुपये शुल्क मागतात. अर्जाचे किरकोळ शुल्क असणे वेगळे आणि प्रमाणपत्र विकणे वेगळे. मार्गदर्शक कोण, ते कोणत्या संस्थेत आहेत, निवड कशी होते, या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे भरू नयेत. निवड समितीला असे प्रमाणपत्र शून्य किमतीचे वाटते.

दुसरी शंका मुलीला एकटे पाठवण्याची. 'अगं, चार आठवडे परक्या गावी? आणि तेही गणितासाठी?' असे वडील म्हणतात तेव्हा त्यामागे काळजी असते. तिला उत्तर माहितीनेच द्यावे. वसतिगृह संस्थेच्या आवारात आहे का, मुलींची व्यवस्था स्वतंत्र आहे का, संयोजकांचा फोन क्रमांक कोणता, हे कार्यालयाला विचारण्यात संकोच नसावा. पहिल्या दिवशी आई किंवा भाऊ सोडायला गेला तर कुणी हसत नाही. आज देशातल्या गणिताच्या विभागांत अनेक प्राध्यापिका आहेत आणि 'इंडियन विमेन अँड मॅथेमॅटिक्स' या नावाने त्या एकत्र येऊन तरुण मुलींसाठी कार्यशाळाही घेतात. अशा एखाद्या कार्यशाळेला मुलगी एकदा जाऊन आली, की 'मुलींचे डोके गणितात चालत नाही' हे वाक्य तिच्या घरात पुन्हा ऐकू येत नाही.

तिसरी शंका इंग्रजीची, आणि ती मुलांचीच अधिक असते. वर्ग इंग्रजीतून चालतात हे खरे. पण गणितातले इंग्रजी फार थोड्या शब्दांचे असते आणि मोडक्या इंग्रजीत दिलेला अचूक पुरावा सर्वांना चालतो. सहा महिने आधीपासून इंग्रजी पुस्तकातली एक सिद्धता रोज मोठ्याने वाचली, की जीभ वळते.

निवड झाली नाही तर?

जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. त्यामुळे चांगल्या विद्यार्थ्यांनाही नकार येतो. अशा वेळी 'तरी म्हणत होतो, एवढे सोपे नसते' असे टोमणे घरात ऐकू आले, तर मुलगा पुढच्या वर्षी अर्जच करत नाही. पालकांची खरी परीक्षा इथे असते.

नकार आल्यावरही उन्हाळा हातात असतोच. एक चांगले पुस्तक निवडावे आणि त्यातली दोन प्रकरणे प्रत्येक उदाहरणासह पूर्ण करावीत. कुमारेसन यांचे रेषीय बीजगणितावरचे पुस्तक अशा स्वाध्यायाला सोयीचे आहे. दोन-तीन मित्रमैत्रिणींनी आठवड्यातून दोनदा जमावे आणि पाळीपाळीने एकमेकांना शिकवावे. महाविद्यालयातल्या एखाद्या शिक्षकांना आठवड्याचा एक तास मागावा. विद्यार्थी स्वतःहून गणित विचारायला येतो आहे, हे पाहून नाही म्हणणारे शिक्षक फार थोडे. पुण्याच्या परिसरातल्या विद्यार्थ्यांनी श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची माहिती करून घ्यावी. अमेरिकेत नावाजलेल्या या गणितज्ञाने आपल्या माणसांत गणित वाढावे म्हणून ही संस्था उभी केली. आणि पुढच्या वर्षीच्या अर्जात लिहायला या उन्हाळ्यातले काम आपोआप तयार होते.

पुढे काय मिळते?

अशा कार्यक्रमातून आलेल्या विद्यार्थ्याला एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा आणि मुलाखती सोप्या वाटू लागतात, कारण तिथे पाठांतराला वाव कमी असतो. त्याला शिफारसपत्र देऊ शकणारा बाहेरच्या संस्थेतला एक जाणकार मिळतो. देशभरातले मित्र मिळतात, जे पुढे अडल्या वेळी प्रश्न विचारायला उपयोगी पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार संशोधनासह चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यायची असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आणि चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प आवश्यक आहे. त्या प्रकल्पाची तोंडओळख आधीच झालेली असणे हा मोठाच आधार.

आणि समजा, चार आठवड्यांनंतर मुलाने सांगितले, 'गणित आवडते, पण आयुष्यभर संशोधन करायला नको वाटते,' तर? तरीही फायदाच झाला. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी हे कळण्यापेक्षा विसाव्या वर्षी एका उन्हाळ्यात कळलेले बरे. संख्याशास्त्र, विमा गणित, संगणक, बँका, अध्यापन असे रस्ते त्याच्यापुढे खुले आहेत आणि नीट विचार करण्याची लागलेली सवय तो तिकडे बरोबर घेऊन जातो.

दिवाळीचा फराळ संपत आला, की घरातल्या बी.एस्सी.वाल्या मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारावे, 'या वर्षी कुठे कुठे अर्ज करणार आहेस?' आणि 'गणित घेऊन पुढे काय?' असे विचारणाऱ्या पाहुण्यांना तोवर चहा द्यावा.